मागची चाके

आमच्याकडे 1968 सालची एक फियाट आहे. ही गोष्ट आमच्या धर्मग्रामातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. कारण रस्त्यावर आधी तिचा आवाज येतो आणि मग फादर येतात. धर्मग्रामातील एका वृद्ध डॉक्टरांनी दृष्टी मंदावल्यावर ती आमच्या स्वाधीन केली. तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले होते : “हिला घाई करू नका आणि हिच्यावर जबरदस्ती करू नका.” त्यातली पहिली आज्ञा आम्ही बऱ्यापैकी पाळली. दुसरी कशी मोडली, त्याची ही कबुली आहे.

या गाडीचे कुळ मोठे आहे. इटलीतील फियाट कंपनीने 1953 साली 1100 या मालिकेतील नव्या बांधणीची गाडी बाजारात आणली. तिचीच पुढची आवृत्ती 1964 पासून आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली. 1974 मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांची ओळख बनली. त्या टॅक्सींपैकी अखेरची 2023 च्या ऑक्टोबर महिन्याच्या शेवटी निवृत्त झाली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पाठीमागे दोन बाजूंना लोखंडी पाटे, असा हिचा साधा संसार. आमची गोष्ट या पाट्यांची आहे.

धर्मग्रामाची गाडी म्हटल्यावर तिला विश्रांती कुठली? कधी सभागृहाच्या घडीच्या खुर्च्या, कधी तांदळाची पोती, कधी सहलीला निघालेली नऊ मुले. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने तिची शेपटी खाली बसली. “फादर, तुमची गाडी कायम चढ चढत असल्यासारखी दिसते,” अशी थट्टा होऊ लागली आणि ती आम्हांला झोंबली. महामार्गावर ट्रकचे पाटे दुरुस्त करणारा एक कारागीर बसत असे. त्याच्याकडे जाऊन आम्ही दोन्ही बाजूंना एकेक जाड, जादा पाटा टाकून घेतला. तो बिचारा विचारत होता, “एवढा कडक पाहिजे का?” आम्ही ठासून ‘हो’ म्हटले. गाडीची शेपटी चार बोटे वर आली. आम्ही प्रसन्न झालो. पोती भरली तरी गाडी आता झुकत नव्हती. रिकामी असताना ती प्रत्येक खड्ड्यावर टुणकन उडे. पण तो तिचा नवा जोम आहे, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली.

आमची थोरली बहीण जवळच राहते. मुले परदेशी आणि मेहुणे देवाघरी. त्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तिला नेण्या-आणण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले होते. ती लोकांसमोर आम्हांला ‘फादर’ म्हणते, एकटी असली की ‘बाळ’ म्हणते. 2022 च्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि दिवसभर पाऊस पडत होता. डायलिसिसनंतर तिला ग्लानी येते, म्हणून ती मागच्या आसनावर आडवी कलली होती. आमच्या गावात शिरताना बावखलाच्या कडेने एक डावे वळण आहे. त्या वळणावर बारीकसा खड्डा लागला, मागची चाके उडाली, आणि खाली टेकली ती रस्ता सोडूनच. गाडीची पाठ उजवीकडे घसरत गेली. आम्ही स्टेअरिंग उलट फिरवले, पाय उचलला, आणि गाडी बावखलाच्या काठावरच्या माडाला हातभर अंतर ठेवून आडवी थांबली. इंजिन बंद पडले. पावसाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“लागलं का गं?” आम्ही विचारले. “नाही,” ती म्हणाली. घरी पोहोचेपर्यंत ती आणखी काही बोलली नाही. पुढच्या वेळी आम्ही दारात हॉर्न वाजवला, तेव्हा ती रिक्षात बसून निघून गेली होती. “तुमची किती कामं असतात, फादर. मी जाईन रिक्षानं,” असे तिने नंतर सांगितले. घरात, एकटी असतानाही ती ‘फादर’ म्हणाली, हे आमच्या ध्यानात आले आणि मनाला लागले.

आम्ही दोष पावसाला दिला, रस्त्याला दिला, टायरला दिला. नवे टायर टाकले. तरी त्या वळणावर पाठ हलायची ती हलतच राहिली. अखेर कोणीतरी नालासोपाऱ्यातील एका वृद्ध मिस्त्रींचा पत्ता दिला. चाळीस वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सींचीच कामे केली होती. ते आले आणि बॉनेट उघडण्याऐवजी त्यांनी सुतळीचा गुंडा मागितला!

गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यांनी दोन्ही अंगांनी, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला समांतर सुतळ्या ताणल्या आणि प्रत्येक चाकाचे अंतर मोजले. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना घेतली. उजवी बाजू डावीपेक्षा दीड सेंटिमीटर खाली होती. कारण वर्षानुवर्षे एकटा चालक बसतो तो उजवीकडेच. डावीकडचा ॲक्सल जागेवरून जवळजवळ सेंटिमीटरभर मागे सरकला होता. पाट्यांना एकत्र बांधणारा मधला बोल्ट झिजला होता आणि ॲक्सलला पाट्याशी जखडून ठेवणारे यू-बोल्ट सैल झाले होते. म्हणजे आमची गाडी सरळ रस्त्यावरही किंचित तिरकी चालत होती आणि आम्ही नकळत स्टेअरिंग धरून तिला सरळ ठेवत होतो.

“आता तुम्ही मागं बसा, मी चालवतो,” मिस्त्री म्हणाले.

इतक्या वर्षांत आम्ही आमच्याच गाडीत मागे कधी बसलो नव्हतो. मिस्त्रींनी बावखलाचे वळण अगदी सावकाश घेतले. तरीही आमच्या पोटात खड्डा पडला. आधी गाडी कलली, मग क्षणभराने आसनाखालची जमीनच कोणीतरी बाजूला ओढल्यासारखे झाले आणि आमचा हात आपोआप पुढच्या आसनाच्या पाठीला घट्ट धरून बसला. त्या पाठीचे रेक्झिन नेमके तिथेच चुरगळलेले होते. तो हात कोणाचा असणार, हे आम्हांला सांगावे लागले नाही. “मागची बाजू कशी आहे, हे पुढं बसणाऱ्याला कळत नाही, फादर,” मिस्त्री आरशात न पाहताच म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी खडूने फरशीवर आकृती काढली. वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या अजून आहेत त्यांच्यासाठी ती शक्य तितकी नीट सांगतो. पाट्याचे पुढचे टोक गाडीच्या अंगाला एका बुशाने जोडलेले असते. मागचे टोक शॅकलच्या दोन पट्ट्यांवर झुलते; कारण पाटा दबून सपाट होऊ लागला की त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. म्हणून चाक वर-खाली होताना सरळ रेषेत जात नाही; पुढच्या टोकाभोवती एका चापात फिरते. वळणावर बाहेरच्या बाजूचा पाटा दबतो आणि आतला सैलावतो. पुढचे टोक ॲक्सलपेक्षा फार उंच असेल, तर दबलेले चाक किंचित मागे सरकते आणि सैलावलेले किंचित पुढे येते. म्हणजे अख्खा ॲक्सलच तिरका होतो व मागची चाके वळणाच्या बाहेर तोंड करतात. आम्ही शेपटी चार बोटे उचलली, तेव्हा हे पुढचे टोकही उचलले गेले. प्रत्येक वळणावर मागची चाके आमच्या नकळत बाहेरची वाट धरू लागली ती त्यामुळे.

“आणि दुसरं असं,” मिस्त्री म्हणाले, “वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो पुढच्यांनी किती घ्यायचा आणि मागच्यांनी किती, हे पाट्यांच्या ताठपणावर ठरतं. तुम्ही मागचं ताठ केलंत. मग मागच्या बाहेरच्या चाकावर सगळा भार आणि आतलं नुसतं टेकलेलं. एका चाकावर दुप्पट ओझं टाकलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. गाडी वाकत नाही, म्हणून घसरते, फादर.”

पाटा ओझे उचलण्यासाठी असतो, एवढेच आम्ही समजत होतो. चाकाने रस्ता सोडू नये म्हणून त्याला खड्ड्यात उतरू देणे आणि उंचवट्यावर चढू देणे, हेही त्याचेच काम आहे; किंबहुना रिकाम्या गाडीत तेच मुख्य काम आहे, हे आम्हांला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले.

काम आठ दिवस चालले. मिस्त्रींचा दंडक असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून पाहायची. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रथम जादा पाटे निघाले. मूळचे पाटे सुटे करून त्यांच्यातला गंज तारेच्या ब्रशने काढला. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, मग ते असून नसल्यासारखे. दोन्ही बाजूंच्या पाट्यांना लोहाराकडून पुन्हा सारखा बाक देऊन घेतला आणि त्यांच्यामध्ये ग्राफाइटचे ग्रीस लावले. मधले बोल्ट नवे, यू-बोल्ट नवे. बुश तर सगळेच चेपून अंडाकृती झाले होते. ॲक्सल आडवा सरकण्याचे एक कारण तेही होते. नवे बुश बसवले. पण त्यांचे नट मिस्त्रींनी गाडी जॅकवर असताना आवळू दिले नाहीत. गाडी चारी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले. लोंबकळत्या चाकांनिशी आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. शेवटी शॉकॲब्सॉर्बर. गाडीचा कोपरा दाबून सोडला, की तिने एकदा वर येऊन स्वस्थ बसावे. आमची तीन वेळा मान डोलवत होती. तेही बदलले. टायरमधली हवा पुस्तकात दिली आहे तेवढी, पुढची वेगळी आणि मागची वेगळी भरली. आणि डिकीत वर्षभर पडून असलेले जुने पाने, तुटका जॅक आणि चार फरश्या मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढून ठेवल्या. त्या फरश्या तिथे कशासाठी होत्या, हे आम्हांला आजही आठवत नाही.

त्या आठवड्यात रात्री झोप लागेना, तेव्हा आणखी एक विचार येई. सभांमध्ये कोणी तक्रार केली, की एक नियम वाढवायचा. कोणी थट्टा केली, की आवाज चढवायचा. असे किती जादा पाटे आम्ही इतक्या वर्षांत टाकून घेतले असतील? आणि मागे बसलेल्यांचे काय झाले, हे पाहायला आम्ही कधी मागे बसलो होतो काय? उत्तर सोपे होते. म्हणून तर झोप लागत नव्हती.

काम पुरे होण्याआधीच एका संध्याकाळी आम्ही बहिणीकडे गेलो. बरेच काही बोलायचे ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात, परवा आपण गाडीत मागे बसलो होतो, एवढेच सांगता आले. ती भाजी निवडत होती. तिने वर पाहिले.

“कळलं का?” तिने विचारले.

“कळलं,” आम्ही म्हणालो. मग आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “बस, चहा टाकते.”

गाडी तयार झाल्यावर आम्ही तिला ‘चल’ म्हटले नाही. मिस्त्रींनीच बजावले होते : “आधी पाचशे किलोमीटर चालवा, यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, मग माणसं बसवा.” आम्ही तेवढे अंतर एकट्याने पुरे केले, बोल्ट आवळून घेतले आणि गाडी अंगणात उभी ठेवली. ती आता किंचित खाली बसलेली दिसते. थट्टाही पुन्हा सुरू झाली आहे. तिची आम्हांला आता सवय झाली आहे.

नोव्हेंबरात, डायलिसिसच्या एका सकाळी, बहीण स्वतःच फाटकात येऊन उभी राहिली. मागचे दार उघडून आत बसली. येताना रात्र झाली होती. बावखलाच्या वळणाआधी आम्ही गिअर उतरवला. खड्डा तोच होता. मागची चाके त्यात उतरली, वर आली, आणि गाडी वळणाबरोबर वळली. आम्ही आरशात पाहिले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि डोळे मिटलेले होते.

“झोपलीस का?” आम्ही हळूच विचारले.

“झोपू दे की, बाळ,” ती म्हणाली.

मिस्त्री महिन्यातून एकदा अजूनही येतात. ते गाडी चालवतात आणि आम्ही मागे बसतो.