बंद पाकीट

अहमदपूरहून नांदेडची एसटी धरली, तेव्हा माझ्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत थोरल्या लेकीचे दोन वर्षांचे मेमो. तिसऱ्या वर्षाचा नव्हता, कारण तिसरं वर्षच झालं नव्हतं. लातूरला ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना अमेरिकेतल्या इंजिनिअर मुलाचं स्थळ आलं. "शिकायचं काय, तिकडंबी शिकता येतंय," असं मीच म्हणालो. त्या साली सोयाबीनला भाव बरा होता. परीक्षा झाली अन् बार उडवून दिला.

तिकडं गेल्यावर कळलं, तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. तिनं कॉलेज धरायचं ठरवलं. पण तिथं नुसती वर्षं मोजत नाहीत, क्रेडिटं मोजतात. आठवड्याला एक तास, असं सत्रभर शिकलं की साधारण एक क्रेडिट. पदवीला अशी १२० लागतात. इथली दोन वर्षं त्यात धरायची तर विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट पाहिजे, बंद पाकिटात, तोंडावर शिक्का मारून. शिवाय प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, तोही शिक्क्यानिशी. लेक फोनवर म्हणाली, "आप्पा, पाकीट तुमी उघडू नका बरं का. उघडलं की संपलं."

लातूरची कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं हे विद्यापीठ १९९४ साली, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी सुरू झालं. त्याआधी आम्ही औरंगाबादच्या विद्यापीठाचे, अन् १९५८च्या आधी हैदराबादच्या उस्मानियाचे. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. राज्य गेलं तसं त्यांचं ते शिक्षणही कुणाच्या हिशेबात राहिलं नाही. जमिनीचे जुने कागद वाचून घ्यायला तेवढे लोक यायचे.

विष्णुपुरीला विद्यापीठापाशी उतरलो. खिडकीतल्या बाईंनी मेमो ओळीनं लावून पाहिले.

"तिसरं वर्ष कुठंय, मामा?"

"लग्न केलं तिचं," मी म्हणालो.

बाई काही बोलल्या नाहीत. फी भरायची चिठ्ठी पुढं सरकवली. दुसऱ्या खेपेला पाकीट मिळालं. लोहा येईपर्यंत मी ते छातीशी धरून बसलो होतो.

चार महिन्यांनी तिकडून हिशेब आला. रसायनशास्त्र धरलं, वनस्पतिशास्त्राचं निम्मं. इंग्रजीचे पेपर बाद, ते पहिल्यापासून शिका म्हणाले. मराठी मात्र सगळी धरली, परकी भाषा म्हणून.

"आप्पा, आपली मराठी परकी भाषा!" लेक हसत होती. मीही हसलो, पण वडील आठवले. अन् आणखी एक आठवलं. मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री ती पुस्तक घेऊन बसली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, "मराठीला कशाला अभ्यास लागतोय? ऊठ, भाकरी थाप." तिनं माझं ऐकलं नव्हतं, हे बरं झालं.

सगळी मिळून ४२ क्रेडिटं बसली. दोन वर्षांचं दीड वर्षसुद्धा भरलं नाही. राहिलेली ७८ तिथली फी भरून घ्यायची. जावई चांगले, काही बोलले नाहीत. पण त्या फीचे रुपये करून पाहिले अन् मी हिशेब अर्ध्यात सोडला. इथं फक्त एक वर्ष उरलं होतं.

धाकटी आता लातूरलाच दुसऱ्या वर्षाला आहे. आता आपल्याकडंही क्रेडिटांची बँक निघाली आहे, सोडलेलं शिक्षण जमा राहतं, असं ती सांगते. असेल. पण यंदा दिवाळीत मध्यस्थ आले, स्थळ चांगलं होतं. चहापाणी झालं. मी म्हणलं, "पावणं, पोरीचा तिसरा मेमो हातात येऊ द्या, मग बोलू. मुलगा थांबला तर थांबला."