माणच्या रस्त्यावरील बर्फ

माण म्हटले की पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील दुष्काळी मुलूख आणि माणगंगेचे कोरडे पात्र उभे राहील. आम्ही ज्या माणविषयी लिहीत आहोत ते निराळे. पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, हिंजवडीस लागून असलेले हे गाव. तालुका भाताचा, आंबेमोहोरासाठी नावाजलेला. परंतु हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान वाढत वाढत माणच्या शिवारात शिरले आणि जेथे बांध होते तेथे काचेच्या भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. गावची जुनी घरे व नवी कचेरी यांच्यामधून जो रस्ता जातो, त्यावरून सकाळ-संध्याकाळ मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असते. बांधकामाची माती वाहणारे डंपर त्याच रांगेत असतात, आणि त्यांच्यातून सांडलेली माती रस्त्यावर सारखी पसरत राहते. ही माती पुढे आमच्या हकीकतीत येणार आहे.

गेल्या जूनमध्ये आम्ही दादांच्या मोटारीतून सहकुटुंब तेथे गेलो. आमच्या भाच्याचे बिऱ्हाड माणला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे घोटवडे-पिरंगुटावरून पौड रस्त्यास लागून ताम्हिणी घाटातील धबधबे मुलांना दाखवावयाचे, असा बेत ठरलेला होता. मुलांनी खाऊचे डबेही भरून ठेविले होते.

तिन्हीसांजेस पहिला पाऊस आला. मातीचा वास घेण्यासाठी आम्ही सारे सज्जात जमलो, तो समोरच्या वळणावर एक स्कूटर आडवी झाली. पाच मिनिटांत दुसरी, मग तिसरी. सुदैवाने खरचटण्यापलीकडे कोणास काही झाले नाही. वहिनी म्हणाल्या, "एवढ्याशा पावसात ही माणसे पडतात कशी?" भाचा म्हणाला, "मामी, हा रस्ता आज बर्फाचाच समजा."

त्याचे हे बोलणे अलंकारिक नव्हते. त्याचा व्यवसायच मुळी तो आहे. टायरचे रबर बर्फावर किती पकड घेईल, याचे गणित तो माणच्या कचेरीत बसून संगणकावर मांडतो. आणि ते गणित खरे उतरते की नाही हे पाहण्यासाठी त्याला मागील हिवाळ्यात स्वीडनच्या उत्तरेस आर्विड्सयौर येथे पाठविले होते. तेथील सरोवरे हिवाळ्यात इतकी घट्ट गोठतात की त्यांच्यावरच मोटारींच्या चाचण्यांचे मार्ग आखतात. फिनलंडमधील इव्हालो येथे तर छपराखाली बर्फ राखून उन्हाळ्यातही चाचण्या चालतात. ज्या मुलाने अठराव्या वर्षापर्यंत बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला, त्याने हा धंदा पत्करावा याचे आम्हांस आजही नवल वाटते.

जेवणानंतर त्याने जे सांगितले ते आमच्या पूर्वीच्या समजुतीच्या अगदी उलट होते. थंडी जितकी कडक तितका बर्फ निसरडा, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः कडाक्याच्या थंडीतील कोरडा बर्फ चाकास बराच धरून ठेवतो. खरा घातकी तो शून्य अंशाच्या आसपासचा. बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरडे यांनी १८५० साली बर्फाचे दोन तुकडे एकमेकांस लावले असता ते चिकटून एक होतात हे दाखवून या थराची कल्पना मांडली. (शीतपेटीतील दोन खडे घेऊन हा प्रयोग मुलांस घरी करता येईल.) शून्याजवळ हा थर वाढतो, चाकाच्या घर्षणाने त्यात आणखी भर पडते, आणि रबर बर्फावर न टेकता त्या पाण्यावर तरंगू लागते. म्हणजे गाडी घसरते ती बर्फाने नव्हे, पाण्याने.

हिवाळी टायरची सारी करामत हे पाणी दूर करण्यात आहे. त्याचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवितात, कारण साधे टायर सात अंशांच्या खाली ताठर होऊ लागतात. त्याच्या नक्षीत सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा पृष्ठभागास ओरबाडतात व चिरा पाणी ओढून घेतात. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी पहिले हिवाळी टायर निघाले. पुढे टायरांत पोलादी खिळे बसविण्याची रीत पडली. ते खिळे बर्फ धरीत खरे, पण जपानात बर्फ वितळल्यावर त्यांनी रस्ताच खरवडून काढला आणि त्या धुळीने शहरांतील लोक इतके त्रस्त झाले की १९९० साली खिळ्यांविरुद्ध कायदा करावा लागला. तत्पूर्वी दोनच वर्षे ब्रिजस्टोन कंपनीने सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे बिनखिळ्यांचे टायर काढले होते. ती छिद्रे स्पंजाप्रमाणे पाण्याचा थर शोषतात. याच कंपनीचा कारखाना २०१३ पासून आमच्या चाकणला चालू आहे.

"मग असले टायर येथेच का लावू नयेत?" दादांनी विचारले. भाचा हसला. आपल्या उन्हाळ्यातील तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेकही उशिरा लागेल. ज्या देशचे दुखणे त्या देशचे औषध. आपल्या दुखण्याचे नाव पहिला पाऊस. कोरड्या दिवसांत साठलेले तेल, रबराची पूड आणि ती डंपरची माती यांचा पहिल्या सरीत राबडा होतो. मुसळधार पावसाने तो धुऊन जाईपर्यंत रस्त्यास पकड नसते. त्याने कागदावर हिशेब करून दाखविला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर सुमारे १४ मीटरांत थांबत असेल, तर ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर तिला २५ मीटर लागतील आणि ओलसर बर्फावर शंभराच्या आसपास. चालकाचे भान येण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही.

हे ऐकून वहिनींनी एकच प्रश्न केला : "आपल्या गाडीचे टायर कसे आहेत?"

"उत्तम," दादा म्हणाले. "नक्षी शाबूत आहे. गाडी पुरती तीस हजार किलोमीटरही चाललेली नाही."

भाचा विजेरी घेऊन खाली गेला. नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरांहून खोल होती, त्या बाबतीत दादांचे म्हणणे खरे होते. परंतु टायरच्या कुशीवर चार आकड्यांचा एक ठसा असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. तेथे २३१४ असे होते. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. रबराने दहा पावसाळे व दहा उन्हाळे खाल्ले होते. नख दाबून पाहिले तर खूणही उमटेना.

दादा ऐकणाऱ्यांतले नव्हेत. मितव्यय हा त्यांचा धर्म आहे, आणि त्या धर्मावरच आमचे सर्वांचे शिक्षण झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. "ठशावरून टायर फेकून देणे म्हणजे जन्मपत्रिका पाहून माणसास मृत ठरविण्यासारखे आहे," ते म्हणाले. भाच्याने वाद घातला नाही. "मोठे मामा, सकाळी आपण परीक्षाच घेऊ," एवढेच तो म्हणाला.

पहाटे इमारतीमागच्या रिकाम्या गल्लीत, दोन्ही तोंडांशी रखवालदार उभे करून, ही परीक्षा झाली. रस्ता रात्रीच्या सरीने ओला होता. भाच्याने आडवी दोरी टाकली. दोरीपर्यंत ताशी ३० किलोमीटर वेगाने यावयाचे, तेथे ब्रेक पूर्ण दाबावयाचा, आणि गाडी थांबेल तेथवर पावले मोजावयाची. दोन्ही गाड्या दादांनीच चालवाव्यात असा त्याचा आग्रह. म्हणजे चालकावर दोष नको. प्रथम भाच्याची गाडी तीनदा, मग दादांची तीनदा, आणि शेवटी पुन्हा भाच्याची. हे शेवटचे कशासाठी, असे आम्ही विचारले. बर्फावरील चाचणीतही असेच करतात : एक मानक टायर ठरवून घेतात आणि नव्या टायरच्या आधी व नंतरही तोच पळवून पाहतात. मधल्या वेळात ऊन चढून बर्फ बदलला असेल, तर त्यावरून कळते. अन्यथा टायरचे म्हणून जे श्रेय द्यावयाचे ते हवेचे निघावयाचे.

मोजणी मुलांनी केली. भाच्याची गाडी आठ पावलांत थांबली, तिन्ही वेळा. दादांची पहिल्यांदा बारा, मग बारा, मग तेरा. तिसऱ्या वेळी ती किंचित आडवीही झाली. पुन्हा भाच्याची आठ. "गाड्या भिन्न आहेत, म्हणून ही परीक्षा काटेकोर नव्हे," भाच्याने स्वतःच कबूल केले. दादांनी त्याचा लाभ घेतला नाही. ते दोरीपासून आपल्या चाकांपर्यंत स्वतः एकदा चालत गेले, परत आले, आणि मुलांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. आठव्या व बाराव्या पावलांमध्ये आमची धाकटी पुतणी बसकण मारून चिखलात रेघोट्या ओढीत होती.

"ताम्हिणी उद्या," ते म्हणाले.

दुपारी वाकडच्या एका दुकानात चारही टायर बदलले. खरेदीपूर्वी दादांनी प्रत्येकावरील चार आकडे चष्मा लावून वाचले आणि एक टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला म्हणून परत करविला. जुन्यांचे काय करावयाचे, असे दुकानातील पोऱ्याने विचारले. तीन त्याच्याकडेच ठेविले. चौथा मुलांनी झोपाळ्यासाठी मागून घेतला.