शेजारच्या घराची किल्ली

सरकारी नोकरीत ज्याचे केस पांढरे झाले, त्याच्या दिनदर्शिकेत सणवार दोन प्रकारचे असतात. काही पंचांगातून येतात, काही परिपत्रकातून. पंचांगातल्या सणांच्या तिथीबद्दल क्वचित वाद होतो. परिपत्रकातले सण मात्र ठरल्या तारखेस, ठरल्या वेळी आणि ठरल्या खर्चात साजरे होतात. सप्टेंबरात हिंदी पखवाडा, ऑक्टोबर सरता सरता सतर्कता सप्ताह, अधूनमधून स्वच्छतेचा पंधरवडा. आणि उन्हाळा तापला की १६ मे रोजी राष्ट्रीय डेंग्यू दिवस व त्यामागोमाग जुलैचा डेंग्यूविरोधी महिना. दिल्लीची महानगरपालिका या शेवटच्या सणाची मोठी यजमान. शाळकरी मुलांची फेरी निघते, पुठ्ठ्याचा हातभर डास काठीवर नाचविला जातो, वसाहतीच्या सभागृहात उजवा हात पुढे करून शपथ होते आणि समोसा खाऊन मंडळी पांगतात.

या सोहळ्याची थट्टा करणे सोपे आहे आणि मराठी माणसास तर ते फारच सोपे. आम्हीही चहाच्या टेबलाशी ती पुष्कळ केली आहे. परंतु ज्या डासासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याचा स्वभाव पाहिला म्हणजे थट्टा जरा आवरती घ्यावी लागते. हा डास गटारातला नव्हे. त्यास स्वच्छ, साठलेले पाणी लागते. तो दिवसाउजेडी चावतो, फार दूर उडत नाही, माणसाच्या घराच्या आसऱ्यानेच राहतो. थोडक्यात, तो मध्यमवर्गीय आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात खिडकीस टांगलेला पाण्याचा कूलर म्हणजे त्याचे सरकारी निवासस्थानच. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी उपसावे असे सांगतात. पण नुसते उपसून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाशी, टाकीच्या ओलसर भिंतीवर, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जीव धरून राहतात. नोव्हेंबरात रिकामा करून माळ्यावर ठेवलेला कूलर पुढच्या एप्रिलात पाणी भरताच गेल्या वर्षीचे देणे चुकते करू लागतो. म्हणून भिंती घासाव्या लागतात. पालिकेच्या पत्रकात ‘सप्ताहातून एक दिवस कोरडा’ असे जे लिहितात, त्याचा खरा अर्थ हा आहे. आमच्या एका स्नेह्याने ‘ड्राय डे’ हे शब्द वाचून भलताच उसासा टाकला होता, ती गोष्ट निराळी.

आम्ही १९९५ च्या अखेरीस दिल्लीस बदलून आलो आणि पुढच्याच वर्षी त्या शहराने डेंग्यूची मोठी साथ पाहिली. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण झाले व ४२३ माणसे दगावली. दक्षिण दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक कुटुंब राहत असे. गृहस्थ कक्ष अधिकारी होते. वसाहतीतली मराठी घरे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचा सात वर्षांचा मुलगा त्या ऑक्टोबरात पाच दिवसांच्या तापाने गेला. दसरा नुकताच होऊन गेला होता. त्याच्या दप्तरात सोन्याची पाने तशीच होती, हे वहिनींनी आमच्या घरी एकदाच सांगितले. पुन्हा कधी सांगितले नाही.

त्यांच्या शेजारचे घर तेव्हा महिन्याभरापासून बंद होते. तिथले अधिकारी रजा प्रवास सवलत घेऊन दक्षिणेस गेले होते आणि मागच्या खिडकीत त्यांचा कूलर पाण्याने भरलेला राहिला होता. त्याच पाण्यातला डास होता असे कोणी सिद्ध केले नाही. ते करता येण्याजोगेही नव्हते. भाऊंनी त्या शेजाऱ्यास कधी एक अक्षर विचारले नाही. मात्र पुढच्या मार्चमध्ये, कूलर खिडक्यांत चढू लागले तेव्हा, ते आमच्या गाळ्यातल्या प्रत्येक दारी गेले आणि एवढेच म्हणाले, ‘‘सुटीवर जाल तेव्हा किल्ली माझ्यापाशी ठेवून जा.’’

पालिकेच्या एका मलेरिया निरीक्षकाकडून त्यांनी सारी विद्या शिकून घेतली होती. दर रविवारी सकाळी ते बंद घरे उघडीत, कूलरची टाकी उपशीत, नारळाच्या काथ्याने तिच्या भिंती घाशीत, फुलदाण्या उलट्या करीत, शीतकपाटामागची पाण्याची ताटली पुसून काढीत आणि कुलूप लावून किल्ली खिळ्यास अडकवीत. त्या वेळात वहिनी घराबाहेर येत नसत. पहिल्या वर्षी दोन किल्ल्या होत्या. चौथ्या वर्षी अकरा. यासाठी कोणती सभा भरली नाही, कोणी शपथ घेतली नाही. पुढे भाऊंची बदली झाली, खिळा भिंतीत राहिला आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात परत गेल्या.

त्या साथीनंतरच्या वर्षांत पालिकेने घरोघर फिरून डासांची पैदास तपासणारे कर्मचारी नेमले. कागदावर त्यांचे नाव लांबलचक इंग्रजी आहे. लोक त्यांस ‘डीबीसी’ म्हणतात, किंवा सरळ ‘मच्छरवाले’. हातात विजेरी, काखेत नोंदवही, पिशवीत औषधाचे दाणे. वर्षानुवर्षे ही माणसे कंत्राटावर राबली, कायम होण्यासाठी त्यांनी अनेकदा संप केले. जागृतीच्या फलकावर मंत्र्यांचे आणि महापौरांचे छायाचित्र असते, यांचे नसते. आणि यांच्या वाट्यास येते काय, तर बंद दार. ‘‘साहेब झोपलेत’’, ‘‘आमच्याकडे मच्छर नाहीत’’, ‘‘नंतर या’’. आमच्या पाहण्यात झोपडवस्तीतले दार यांच्यासाठी चटकन उघडते. उघडत नाही ते नामफलक असलेले.

दार न उघडण्याचा हा संकोच आम्हां मराठी लोकांस अगदीच अनोळखी नाही. आरोग्याच्या नावाने सरकार घरात शिरते म्हणजे काय होते, हे पुण्याने १८९७ साली पाहिले आहे. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर देवघरापर्यंत गेले आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. प्लेगग्रस्त मुलास उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली होती. आणि त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. एका वर्षात तीन गोष्टी! रॉस यांचे ज्ञान रँडच्या हाती पडले असते तर त्याने ते संगिनीच्या टोकावरूनच दारोदार पोचविले असते, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. दारावर कोण येतो यावर औषधाचा गुण अवलंबून असतो.

पालिकेपाशी दंडाचा मार्ग आहेच. १९७५ च्या उपविधींनुसार ज्याच्या घरी अळ्या सापडतील त्याला नोटीस व चलन देता येते. दुसरा मार्ग धुराचा. संध्याकाळी गल्लीतून धूर सोडीत गाडी गेली म्हणजे रहिवासी संघाचे पदाधिकारी समाधान पावतात, कारण धूर दिसतो. त्या धुराने उडता डास मरतो; कूलरमधली अळी सुखरूप राहते. आमच्यासारख्या फायलीत वाढलेल्या लोकांना दिसणाऱ्या कामाची ओढ अधिक, हे आमचे निरीक्षण आहे. घासलेली टाकी अहवालात दाखविता येत नाही.

मग हद्दीचा प्रश्न. २०१२ साली दिल्लीच्या पालिकेचे तीन तुकडे झाले, २०२२ मध्ये ते पुन्हा जोडले. नवी दिल्लीचा भाग निराळ्या परिषदेचा, छावणीचा निराळ्या मंडळाचा, रूळांलगतची जमीन रेल्वेची, आमच्या छपरावरच्या टाक्या केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या. एका टाकीचे झाकण बदलावयास तीन कार्यालयांची पत्रे फिरली, ती आमच्या डोळ्यांदेखत. २०१५ साली दिल्लीत डेंग्यूचे पंधरा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, तेव्हा डास कोणाच्या हद्दीतला यावरही पुष्कळ शाई खर्च झाली. २०१९ च्या १ सप्टेंबरपासून दिल्ली सरकारने ‘दहा आठवडे, दहा वाजता, दहा मिनिटे’ अशी मोहीम काढली: दर रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येकाने दहा मिनिटे आपल्या घरचे साठलेले पाणी पाहावे. जाहिरातबाजी म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हांला मात्र ती घोषणा ऐकताना भाऊंचा रविवार आठवला. तिच्यात एकच उणे राहिले होते. ती प्रत्येकास स्वतःचे घर पाहावयास सांगत होती, आणि डास बंद घरात होता.

आमची ती जुनी दुमजली वसाहत आता पाडली गेली. आम्ही सध्या एका उंच इमारतीच्या आठव्या मजल्यावर आहो. कूलर जवळजवळ गेले, वातानुकूलन आले. पण त्याच्या नळीखाली बादली असते, आणि मनीप्लांटच्या बाटल्या तर घरोघर. आमच्या भागात येणारी बाई मेरठकडची आहे. ती आमच्या कुटुंबास दीदी म्हणते, पाणी मागून पिते आणि वही उघडून दाखविते. तिच्या वहीत घरांच्या क्रमांकापुढे जागोजाग ‘ताला’ असे लिहिलेले असते. मागल्या सप्टेंबरात आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोहोंपुढे ते होते. एक कुटुंब गणपतीसाठी नागपुरास गेलेले, दुसरे कोठे गेले ते आम्हांस ठाऊक नव्हते, कारण आमची त्यांच्याशी लिफ्टमधल्या नमस्कारापलीकडे ओळख नव्हती.

नागपूरकर परतल्यावर आमच्या कुटुंबाने त्यांच्याकडे प्रसाद आणावयास म्हणून जाऊन किल्लीची गोष्ट काढली. त्यांनी जरा विचार केला, मग दिली. दुसऱ्या घरी अजून विचारावयाचे आहे. त्यांची बेल दोनदा वाजविली. दार उघडले नाही.