मान आणि सही

बँकेत वीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही येवो, तो आधी नमुन्याची सही शोधतो. आमच्या साडूंनी ड्रोन घेतला आणि माझी ही खोड पक्ष्यांपर्यंत पोचली.

साडूंचा ड्रोन उडतो भिगवणला, उजनीच्या पाण्यावर. आणि उतरतो त्यांच्या घरच्या टीव्हीवर, ऐन जेवणाच्या वेळी. जे जे राखाडी आणि लांब टांगांचं, ते ते साडूंच्या लेखी सारस! परवाचा त्यांचा 'सारस' मान इंग्रजी 'एस'सारखी दुमडून खांद्यांत खुपसून चालला होता. थंडीत मफलर गुंडाळून पासबुक भरायला निघालेल्या पेन्शनरासारखा.

"साडूभाऊ, हा राखी बगळा."

"कशावरून?"

"मानेवरून."

बगळे उडताना मानेची घडी घालतात. क्रौंचकुळातली मंडळी, म्हणजे सारस, कांड्या करकोचे वगैरे, मान भाल्यासारखी पुढे ताणून उडतात. पाय दोघांचेही मागे लांबलेले, तेव्हा पायांवरून निवाडा करू नये. उभा पक्षी तर ड्रोनला वरून नुसती राखाडी पिशवी दिसतो. अशा वेळी पक्षी सोडून त्याची सावली बघावी. सकाळ-संध्याकाळ मान, चोच, तंगड्या असा सगळा तपशील जमिनीवर आडवा पडलेला असतो! झाडावर बसलेला असेल तर सारस नव्हेच. त्याचं मागचं बोट इतकं आखूड, की फांदी पकडता येत नाही. सारसाची तुतारी दूरवर ऐकू जाते म्हणतात, पण ड्रोनच्या भुणभुणीत ती कुठली ऐकू यायला?

"बगळ्याला सारस म्हटलं तर बिघडलं कुठं?" साडू म्हणाले.

आता हा प्रश्न बँकवाल्याला विचारायचा का? महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियाकडच्या धानाच्या शेतांतून, तेही मोजके. त्यांची मोजदाद होते. त्या खात्यात खोटी जमा पडली की शिल्लक फुगते, आणि मग काळजी करायला कुणी उरत नाही. बरं, खराच सारस निघाला तर? त्याचं घरटं म्हणजे उथळ पाण्यातला गवताचा ढीग, त्यात बहुधा दोन अंडी. डोक्यावर भुणभुण आली, जोडपं उठलं, की कावळ्याचं फावलं. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारसच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या निषादाजवळ निदान ड्रोन नव्हता.

साडू विचारात पडले. मेव्हणीनं पानं वाढली. आमटीचा भुरका मारून ते म्हणाले, "मग व्हिडिओला नाव काय देऊ?"

"राखी बगळा."

"मग बघणार कोण हो?"