मागच्या अंगणातील पिल्ले

विक्रोळी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पूर्व द्रुतगती महामार्ग, त्यावर खोळंबलेली वाहने आणि गोदरेजचे कारखाने उभे राहतात. महामार्गाच्या पूर्वेला गृहनिर्माण मंडळाची एक मोठी वसाहत आहे, तिचे नाव कन्नमवारनगर. १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले आणि पुढच्याच वर्षी पदावर असताना निधन पावलेले मारोतराव कन्नमवार यांच्या नावाने ती वसली. वसाहत संपते तेथे तिवरांचे रान लागते आणि रान संपते तेथे ठाण्याची खाडी. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पक्षी पाहायला दुरून लोक येतात. तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत हे मात्र वसाहतीतील पुष्कळांना वर्तमानपत्रात छायाचित्र आल्यावरच कळते. रान आणि वस्ती यांच्यामध्ये येथे फार तर एक भिंत असते, आणि त्या भिंतीला बहुधा कोठेतरी भोक असते.

आमच्याही भिंतीला ते आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. घरामागे साधारण पंधरा फूट रुंदीची मोकळी जागा आहे. तीत एक शेवगा, दोन पपया, तुळशीचे वृंदावन, धुणे धुण्याचा जुना दगड आणि कधीकाळी बांधलेल्या पाण्याच्या टाकीचा आता रिकामा राहिलेला चौथरा. मुंबईत एवढ्या जागेला अंगण म्हणणे ही चैनच आहे. या अंगणाचे खरे मालक मात्र शेरू आणि बंड्या हे दोन कुत्रे. शेरू मुलाने आणलेला लॅब्रॅडॉर. वजनदार, आळशी आणि दूधपोळीवर संतुष्ट. बंड्या गल्लीतला. एका पावसाळ्यात पायाला जखम होऊन आला, बरा झाला आणि राहिला. त्याचे गल्लीतले शिक्षण पक्के असल्याने हलणारी प्रत्येक वस्तू ही पाठलाग करण्यासाठीच असते, अशी त्याची श्रद्धा आहे.

गेल्या वर्षी जूनअखेरीस, पावसाची पहिली झड ओसरल्यावर, नात मागच्या दारातून ओरडत आली, "आजोबा, ससे! सशाची पिल्लं आलीत!" आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून पाहिले आणि शांतपणे विचारले, "ससे असतील तर कान कुठं गेले?"

प्रश्न बिनतोड होता. पण नातीची समजूत अगदीच निराधार नव्हती. भुरकट, मऊ, मुठीएवढे तीन गोळे चौथऱ्याखालच्या फटीतून डोकावत होते. शहरातल्या मुलाला ससा म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी ठाऊक असतो. तो मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्ले जन्मतः उघडी आणि डोळे मिटलेली असतात. आपल्या माळावरचा रानससा वेगळा. रंगाने मातकट, मानेमागे काळा पट्टा असलेला. तो बीळ खणत नाही; गवतात अंग दाबून बसण्यापुरता खळगा करतो. त्याची पिल्ले अंगावर लव घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. आई त्यांना गवतात सोडून दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ पाजायला येते. ती जवळ नसते म्हणूनच तिच्या मागावर असलेल्या प्राण्याला पिल्लांचा पत्ता लागत नाही. एकटे दिसलेले पिल्लू अनाथ समजून घरी नेणारी भली माणसे त्याला आईपासून तोडतात, आणि गाईचे दूध पाजून बहुधा त्याचा जीवही घालवतात.

हे मला करमाळा तालुक्यात एका शेतकऱ्याने दाखवले होते. पीककर्जाच्या पाहणीसाठी मी त्याच्या बांधावर उभा होतो. नांगरता नांगरता त्याने बैल वळवले आणि मध्ये हातभर जमीन तशीच सोडून तो पुढे गेला. जमीन चांगली दिसत असताना पट्टा का सोडला, म्हणून मी चौकशी केली. कर्ज दिलेल्या जमिनीचा प्रत्येक वाफा मोजायची आम्हा बँकवाल्यांना खोड. त्याने बोट दाखवले. ढेकळासारखे दिसणारे एक पिल्लू तेथे बसले होते, कानसुद्धा पाठीला चिकटवून. "उद्या नसंल ते हितं, मंग नांगरू," एवढेच तो म्हणाला. त्याचा कुत्रा बांधावरच्या बाभळीला बांधलेला होता. तो कशासाठी, हे मला पिल्लू पाहिल्यावर कळले.

आमच्या अंगणातली पिल्ले मात्र मुंगसाची होती. त्यांची आई आम्ही आधी पाहिलेली होती; करडी, अंगाएवढीच लांब शेपटी असलेली. सकाळी भिंतीच्या भोकातून येई आणि चौथऱ्याशी नाहीशी होई. मुंगूस दिसणे शुभ मानतात. आमच्या लहानपणी मुले तर त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावीत. मुंगसाच्या मादीला साधारण दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन ते चार पिल्ले होतात. ती येथे का आली, याचा हिशेब सोपा होता. कुत्र्यांच्या ताटलीत उरलेले अन्न आणि सौभाग्यवती पाखरांसाठी टाकतात ते दाणे यांवर उंदीर पोसले गेले, आणि उंदरांच्या मागे मुंगूस आले. एका पुण्यकर्माच्या मागे जमाखर्चाच्या किती नोंदी असतात, हे खतावणी मांडल्याशिवाय दिसत नाही.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. एकाने पिंजरा देऊ केला. दुसऱ्याचे म्हणणे, पिल्ले लहान असतानाच धरली तर माणसाळतात आणि घरात साप येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दुधाची वाटी आणि कापूस पाठवला. सगळ्यांचा हेतू चांगला होता; एकाचेही ऐकायचे नाही, असे आम्ही ठरवले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. आपल्यापैकी अनेकांची रंगाची व स्टेशनरीची दुकाने आहेत, म्हणून ओघात सांगतो: मुंगसाच्या केसांचे कुंचले विकणे हादेखील या कायद्याखाली गुन्हाच आहे. त्या केसावर फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक असतात. चित्रकारांसाठी म्हणून असा कुंचला कोणी स्वस्तात देऊ लागला, तर तो कशाचा आहे ते विचारून घ्यावे. एका कुंचल्यासाठी मुंगसाचा जीव जातो. जखमी किंवा संकटात सापडलेला वन्यप्राणी दिसला, तर महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आमची पिल्ले जखमी नव्हती, आई हजर होती. म्हणजे कोणाला बोलावण्यासारखे काही नव्हते. धोका होता तो आमच्याच घरच्या दोघांचा.

बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. तोच नियम आम्ही मागच्या दाराला लावला. नात आणि मी, दोघांनी बाहेर पाहून होकार दिल्याशिवाय कडी काढायची नाही. कुत्र्यांनी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत पुढच्या खोलीत राहायचे, फिरायला पुढच्या दाराने आणि साखळीनेच जायचे. मुंगसे दिवसा हिंडतात आणि रात्री बिळात असतात. म्हणून रात्री कुत्र्यांना बाहेर सोडता आले असते. पण बंड्या बीळ उकरील, या भीतीने तेही बंद केले. ताटली घरात आली. दोघांची रेबीजची आणि डिस्टेंपरची लस पशुवैद्याकडे जाऊन तपासून घेतली. कुत्र्यांचे हे रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांनाही होतात. तिवरांच्या कडेला फिरणारा लस न दिलेला कुत्रा कोल्ह्यावर कधीही न भुंकता त्याचा जीव घेऊ शकतो. वसाहतीत अनेक कुटुंबे भटक्या कुत्र्यांना नेमाने खायला घालतात. त्यात आपलीही आहेत. पोळीबरोबर लसीचाही खर्च उचलला, तर त्या दानाला हात लांब फुटतील.

शेरूने नवी व्यवस्था पंख्याखाली पडून मान्य केली. बंड्या पहिले चार दिवस दाराच्या फटीला नाक लावून कण्हत होता.

आम्ही मात्र खिडकीच्या जाळीमागे बसत असू. पाऊस थांबला आणि ऊन पडले की आई आधी एकटी बाहेर येई. मागच्या पायांवर उभी राहून चहूकडे पाही. मग तिचा एक बारीक आवाज, आणि तिघे बाहेर. पहिल्या आठवड्यात ती चौथऱ्यापासून हातभरसुद्धा दूर जात नसत. पुढे धुण्याच्या दगडापर्यंत, मग शेवग्यापर्यंत. आईमागे चालताना एकाचे नाक दुसऱ्याच्या शेपटीला लागलेले असे. दुरून पाहिले तर एकच लांब प्राणी सरपटत असल्याचा भास होई. एक पिल्लू नेहमी मागे राही आणि एकटे पडल्याचे ध्यानात येताच धावत सुटे. नातीने त्याचे नाव 'लोकल' ठेवले. ते का, हे विचारल्यावर म्हणाली, "रोज उशिरा येतं म्हणून."

एके दुपारी आईने उंदीर आणला. पिल्लांनी तो ओढला, आपसांत भांडली. नात खिडकीपासून उठली. जेवताना तिने विचारले, "आजी, तिला पाप लागतं का?" सौभाग्यवती थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला पोट भरायचा दुसरा मार्ग नाही. आपल्याला आहे." त्यांच्याही मनात ते घोळत होते. आपण आसरा दिला म्हणजे त्या उंदरांच्या मरणात आपला भाग झाला काय, असे त्यांनी रात्री मला विचारले. मी म्हटले, उंदीर आपल्या सांडलेल्या दाण्यांवर वाढले. तो भाग आपला. दुसऱ्या दिवसापासून दाणे मोजके आणि परातीत पडू लागले. याहून चांगले उत्तर मला तेव्हा सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

जुलैच्या मध्याला, चातुर्मास लागल्यानंतरच्या आठवड्यात, पावसाने उघडीप दिली आणि पुनर्विकासासाठी मातीची चाचणी घेणारे यंत्र दारात आले. इमारत जुनी आहे. पुनर्विकासाला आम्हीही संमती दिलेली आहे. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या ठेवून काढलेले पावसाळे आम्ही विसरलेलो नाही. पण भोके घ्यायच्या जागांपैकी एक अगदी चौथऱ्याला लागून होती. तिघा कामगारांनी लोखंडी तिवई उभी केली, नळ्या आपटल्या. चौथऱ्याखालून आई बाहेर आली, परत आत गेली, पुन्हा बाहेर आली. तोंडात एक पिल्लू होते. मानेला धरून तिने ते भिंतीच्या भोकापर्यंत नेले, माणसे पाहून थबकली आणि परत फिरली.

मी मुकादमाला म्हटले, दोन तास थांबा. तो म्हणाला, साहेब, मशीनचे भाडे दिवसावर आहे आणि पाऊस केव्हा येईल सांगता येत नाही. त्याचे म्हणणे खरे होते. तेवढ्यात सौभाग्यवती चहा आणि चिवडा घेऊन आल्या आणि त्या माणसांना पुढच्या बाजूला बसवून गोष्ट सांगू लागल्या. ज्ञाताधर्मकथेतली मेघकुमाराची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. वणव्यात सारे प्राणी एका मोकळ्या मंडलात दाटीने उभे असताना हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, रिकाम्या जागेत ससा येऊन बसला, आणि हत्तीने अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही. पुढच्या जन्मी तो श्रेणिक राजाचा पुत्र झाला. मुकादम मन लावून ऐकत होता. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "हत्तीनं अडीच दिवस पाय धरला, तुम्हाला मशीन दोन तास धरता येणार नाही?" तो हसला. "हत्तीला भाडं नव्हतं, आई," म्हणाला. पण बसून राहिला. त्याच्या दोन तासांचे भाडे मी दिले आणि त्याने ते मोजून घेतले.

अंगण रिकामे झाले. आम्ही खिडकी लावून घेतली आणि फक्त फटीतून पाहिले. पाऊण तासाने आई आली. पहिले पिल्लू भोकातून पलीकडे गेले, मग दुसरे. लोकल अर्थातच शेवटचे. ते आता तोंडात धरण्याजोगे राहिले नव्हते. निम्मे उचललेले, निम्मे फरफटत गेले. पलीकडे महापालिकेच्या नाल्याचा काठ आहे आणि त्यापुढे तिवरे. संपूर्ण वेळ पुढच्या खोलीतून बंड्याचे भुंकणे ऐकू येत होते. त्याला आत काय चालले आहे ते आमच्याइतकेच कळत असावे.

त्यानंतर मुंगसे अंगणात राहायला आली नाहीत. ऑगस्टमध्ये दोनदा आई भिंतीवरून चालत गेली, मागे दोन तरुण मुंगसे. तिसरे दिसले नाही. नातीच्या मते ते उशिरा येणार होते. कुत्र्यांना अंगण परत मिळाले. बंड्याने चौथरा तासभर हुंगला आणि मग शेरूशेजारी जाऊन झोपला.

पर्युषणानंतर संस्थेच्या समितीची सभा झाली. विषयपत्रिकेवर भाड्याची रक्कम, सामान हलवण्याची तारीख आणि वाहनतळ होते. मी एक विषय ऐनवेळचा म्हणून मांडला. एका सदस्याने उंदीर येतील अशी हरकत घेतली, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अनुमोदन दिले. सचिवांनी इतिवृत्तात नोंदवले ते असे: इमारत रिकामी होईपर्यंत मागील भिंतीचे भोक बुजवू नये, आणि बांधकामाचे काम त्या कोपऱ्यातून पावसाळ्यात सुरू करू नये, अशी विनंती विकासकास लेखी कळवावी. पत्राची पोच अजून आलेली नाही. मी स्मरणपत्र पाठवले आहे.