हवा कुठं गेली?

हवा तेलासारखी कपड्याला लागत नाही. शॉकअपचं तेल गळलं की रॉडवर काळा चिकट पट्टा चढतो, फरशीवर थेंब पडतो, गिऱ्हाईक स्वतःच बोट लावून दाखवतं. हवा गेली तर दाखवायला काहीच नसतं. गाडी तेवढी बुड टेकून बसते.

लातूरहून एक पोरगा जुनी येझदी छोट्या टेम्पोत टाकून नांदेडला माझ्याकडं घेऊन आला, तेव्हा ती अशीच बसली होती. "काका, मागून बसायलीय. तीन मेस्त्र्यांनी हात टेकले." येझदी म्हणजे तुम्ही रस्त्यावर बघितलेली नव्हे. मडगार्ड कापलेलं, सायलेन्सर वर उचललेला, कधीकाळी पुण्याकडं मातीच्या शर्यतीत पळालेली. आणि मागं स्प्रिंगच नाही! दोन गुळगुळीत नळ्या, त्यांच्या डोक्यावर ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. कंपनीचं लेबल कधीच उडालेलं. तीस वर्षं राजदूतचे, येझदीचे, आरएक्स 100 चे शॉकअप उघडले. पण नुसत्या हवेवर उभी राहणारी गाडी दुकानात पहिल्यांदाच आली.

ऐकून मात्र होतो. 1976 साली केंट हॉवर्टननं अमेरिकेची 500 सीसीची राष्ट्रीय मोटोक्रॉस जिंकली, तेव्हा त्याच्या हस्कवार्नाला फॉक्स कंपनीचे हवेचे शॉकअप होते. लोखंडी स्प्रिंगचं वजन वाचतं, आणि स्वार हलका असो की जड, पंप मारून त्याच्यापुरतं बसवता येतं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा आणि दांडा खाली रेटा. पहिला अर्धा हात सहज जातो, शेवटची चार बोटं काही केल्या जात नाहीत. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट, सारी करामत एवढ्यातच आहे. साधी स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापानं विरोध करते. हवा आधी नरम असते आणि खड्ड्याच्या तळाशी दगड होते.

पण हवेला ऊन कळतं. 27 अंशांना भरलेली हवा पळून पळून 87 अंशांपर्यंत तापली, तर दाब पाचव्या भागानं वाढतो. सकाळी 100 पौंडांवर लावलेली गाडी दुपारी 120 च्या वर गेलेली असते, आणि स्वाराला वाटतं रस्ता बिघडला. मे महिन्यातल्या लोहा-अहमदपूर रस्त्यावर हे यंत्र काय करेल, याचा विचार त्याच्या कर्त्यांनी केला नसावा.

पोरानं गाडी चकाचक धुऊन आणली होती. इथंच माझं निम्मं काम बुडालं. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, तेलाचा वास लागला तरी जाऊन बसते. रॉडवर धुळीची कडी कुठं बसलीय, एका बाजूलाच आहे की गोल आहे, यावरून सील फाटलंय की बुश झिजून रॉड वाकडा चालतोय, हे न उघडता कळतं. इथं सगळं शाम्पूनं पुसलेलं.

मग मी टायरचं गेज लावलं. दोन्हीकडं 60 पौंड भरले आणि घरी गेलो. सकाळी पाहिलं तर उजवीकडं 50, डावीकडं 40. व्हॉल्व्हच्या पिना बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलं. टोपणाच्या ओ-रिंगा बदलल्या. पुन्हा तेच. चौथ्या दिवशी गेज काढताना 'फुस्स' असा आवाज आला आणि मी कपाळावर हात मारला. ट्रकच्या टायरमधून एवढी फुस्स गेली तर काय फरक पडतो? पण या नळीत हवा मावते कटिंगच्या ग्लासाएवढी. त्यातली थोडी गेज लावताना जाते, काही गेजच्या नळीत शिरते आणि काढताना उडून जाते. उजव्याची हवा दुसरं कुणी नाही, मीच रोज सकाळी थोडी थोडी काढत होतो. तीन मेस्त्र्यांनीही बहुधा हेच केलं असणार.

गेज बाजूला ठेवलं आणि दोन्ही शॉकअप पाण्याच्या बादलीत उभे केले. उजवा गप्प. डाव्याच्या रॉडपाशी मिनिटभरानं एक बुडबुडा वर आला, मोहरीएवढा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

सील बदलायचा मोह इथंच होतो. पूर्वी मीही हेच करायचो. महिन्यानं गाडी परत यायची आणि मी सीलवाल्याच्या मालाला शिव्या घालायचो. आता आधी हवा सोडतो, रॉड बाहेर काढतो आणि नख फिरवतो. डोळ्याला न दिसणारं नखाला अडतं. रॉडच्या मधोमध, जिथं तो सगळ्यात जास्त आतबाहेर होतो तिथं, खसखशीएवढे तीन गंजाचे खड्डे होते. सीलची ओठासारखी कड प्रत्येक फेरीत त्यांच्यावरून घासत होती. नवं सील टाकलं असतं तर तेही तसंच फाटलं असतं. रॉड ग्राइंडिंगला आणि हार्ड क्रोमला पाठवला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे रॉड जिथं होतात, तिथंच. सील आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी व्हर्नियरनं घेऊन जेसीबीचे सुटे भाग विकणाऱ्याकडून आणलं. वाहनाचं नाव सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

जोडताना एक गोष्ट मी कुणाच्या हाती सोडत नाही. रॉडच्या टोकाला आटे असतात, करवतीसारखे. सील त्यांच्यावरून सरकवलं की कड चिरते आणि नवी वस्तू बसायच्या आधीच जुनी होते. दुधाच्या पिशवीची पट्टी कापून, तेल लावून आट्यांवर गुंडाळायची आणि त्यावरून सील न्यायचं. मग तेल भरून रॉड सावकाश वरखाली करत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई केली तर तेलाचा फेस होतो आणि झटका आवरायची ताकद जाते. याच भानगडीवर फ्रान्सच्या दी कार्बन नावाच्या इंजिनिअरनं तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन घालून उपाय काढला. यामाहानं 1973 साली हाकान अँडरसनच्या हातून 250 सीसीची जागतिक मोटोक्रॉस जिंकली, त्या गाडीच्या एकट्या शॉकअपमध्ये असाच तेल आणि नायट्रोजनचा संसार होता.

नायट्रोजनवरून आठवलं. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "मामा, माझ्याकडं सिलिंडर हाय, ऑक्सिजन घाला की." तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. तो विषय तिथंच मिटवला. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं आणि रॉड आतून गंजतो. कोरडा नायट्रोजन आणला. माझ्या उजव्या भुवईवर एक व्रण आहे. वीस वर्षांपूर्वी गॅस पूर्ण न सोडता एका शॉकअपची सर्किट क्लिप काढली होती. तेव्हापासून पिन काढून व्हॉल्व्ह उघडा ठेवल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

विष्णुपुरीच्या बाजूला कच्च्या वाटेवर गाडी फिरवली. बारीक खडीवर जराशी ताठ लागते. दाबाखालचं सील रॉडला घट्ट धरून ठेवतं, त्याला इलाज नाही. मोठ्या खड्ड्यात मात्र अशी गेली, की मी मुद्दाम तोच खड्डा दोनदा घेतला. पंधरा दिवसांनी पोराचा फोन आला. "काका, तशीच उभी हाय." गेज लावून बघू का, असं विचारत होता. हात लावू नको म्हणालो.

गाडी बसायली म्हणून तुम्ही कुठल्याही मेस्त्रीकडं जाणार असाल, तर तेवढी धुऊन नेऊ नका.