खोपोलीहून लकी अलींना ऐकायला

खोपोलीकरांना मुंबईतला कुठलाही कार्यक्रम ठरवताना आधी गाड्यांचा हिशोब मांडावा लागतो. थेट लोकल मोजक्याच. एरवी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला यायचे आणि तिथे गाडी बदलायची. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर. परतताना मध्यरात्रीची शेवटची कर्जत लोकल चुकली तर पहाटेपर्यंत फलाटावर बसा. हे सगळे माहीत असूनही गेल्या हिवाळ्यात आम्ही घरातले सहा जण लकी अलींना ऐकायला निघालो, ते मोठ्या भाईंसाठी.

भाई १९९८ मध्ये कुवेतला गेले. इथला त्यांचा कारखाना बंद पडला होता. जाताना बॅगेत लोणच्याची बरणी होती आणि लकी अलींच्या ‘सुनोह’ची कॅसेट. पंचवीस वर्षांनी ते कायमचे परतले. पण वस्तीत जो भेटेल तो विचारी, “भाई, सुट्टी किती दिवसांची?” सुरुवातीला ते हसून सांगत की आता जायचे नाही. मग सांगणेच सोडले. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत. त्यातच एका एजंटचा फोन येऊन गेला. जुन्या कंपनीत जागा होती.

मुलांना लकी अली कोण ते सांगावे लागले. मकसूद महमूद अली हे त्यांचे नाव, जन्म १९५८ चा. विनोदी अभिनेते मेहमूद यांचे चिरंजीव. १९९६ मध्ये ‘सुनोह’ आला आणि ‘ओ सनम’ घराघरात वाजले. चाल आणि आवाज त्यांचा, शब्द त्यांचे मित्र सय्यद असलम नूर यांचे. केबलवर त्याच्या चित्रफितीत इजिप्तचे पिरॅमिड दिसत, ते आमच्या पिढीला अजून आठवतात. मग ‘सिफर’, ‘अक्स’ आणि २००० मध्ये ‘कहो ना प्यार है’ची गाणी. उर्दू शिकवणाऱ्यांना या नावांचे वेगळेच अप्रूप. सिफर म्हणजे शून्य. हा अरबी शब्द युरोपात गेला आणि त्याचाच इंग्रजीत ‘झिरो’ झाला. आमच्या वर्गात सफर आणि सिफर यांत दरवर्षी कोणीतरी घोटाळा करतोच.

ऐन भरात असताना हा माणूस हळूहळू बाजूला झाला. बेंगळुरूजवळच्या शेतावर राहू लागला. २०२० च्या अखेरीस गोव्यात हरमलला काही लोकांच्या गराड्यात गिटार घेऊन ‘ओ सनम’ गातानाची त्यांची चित्रफीत देशभर फिरली. पांढरी दाढी, घोगरा आवाज. कोरोनाचे दिवस होते, भाई तिकडे एका खोलीत अडकलेले. त्यांनी ती घरच्या ग्रुपवर पाठवली होती, खाली एक अक्षरही न लिहिता. पुढे लकी अलींचे कार्यक्रम पुन्हा शहराशहरांत होऊ लागले.

“गाण्याच्या कार्यक्रमाला? या वयात?” असे शेजारच्या खालाजानने विचारलेच. गाण्याबजावण्याबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपले ठरवावे. अम्मींनी मात्र चपात्या आणि खिमा बांधून दिला आणि मगरिब-इशा कुठे पढणार ते विचारून घेतले. शंभर किलोमीटरचा प्रवास, म्हणजे आम्ही मुसाफिरच. आपल्या शाफई मजहबात दोन्ही नमाज एकत्र पढायची सवलत आहे. ती घेतली.

पळसदरीपर्यंत भाई खिडकीला नाक लावून होते. घाटात डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे पाइप लहानपणी ते आम्हाला मोजायला लावत. हे वीजघर १९१५ पासूनचे. त्या दिवशी त्यांनीच मुलांना सांगितले. आल्यापासून एवढे सलग बोलणे पहिल्यांदाच.

मैदानात पाहिले तर निम्म्याहून अधिक मुले ‘सुनोह’नंतर जन्मलेली. लकी अली बोलतात थोडे. वयाने आवाज जाड झाला आहे, सूर पूर्वीइतका लांब टिकत नाही, आणि खरे सांगायचे तर मागच्या वाद्यांचा गोंगाट जरा जास्तच होता. पण तिथे बारकावे ऐकायला कोणी आले नव्हते. ‘ओ सनम’ सुरू झाले आणि सगळे मैदान गाऊ लागले. भाई गात नव्हते. ते वळून वळून त्या पोरांकडे बघत होते. “यांना कसे पाठ?” त्यांनी विचारले. “मला वाटले, हे आमच्याच खोलीत वाजायचे.”

शेवटची लोकल मिळाली. मुले सीटवर आडवी झाली, खिमा ठाण्याच्या आत संपला. कर्जतला उतरलो तेव्हा अडीच वाजायला आले होते. त्या वेळी खोपोलीची गाडी नसते. मोठी रिक्षा ठरवली. चालकाने वळून भाईंकडे नीट पाहिले आणि त्यांचे नाव घेतले. बंद पडलेल्या कारखान्यात भाईंच्याच पाळीला असलेल्या मित्राचा तो मुलगा. सुट्टी किती दिवसांची हे त्याने विचारले नाही. “अब्बा रोज आठवण काढतात, घरी या,” एवढेच म्हणाला. पुढचा सगळा रस्ता दोघेच बोलत होते, कोण कुठे आहे, कोण गेले, कोणाचे घर कुठे झाले.

पुढच्या जुम्म्याला भाई त्या मित्राकडे गेले ते रात्री जेवूनच आले. एजंटचा फोन नंतर पुन्हा आला होता. काय उत्तर दिले, ते त्यांनी आम्हाला अजून सांगितलेले नाही.